अपहृता आणि फिर्यादी : वृत्तकथनातील ऑनलाइन स्त्री

वृत्तपत्रातील बातमी ही साहित्यसमीक्षेच्या कक्षेत येते की नाही, हा प्रश्न आपल्याकडे फारसा उपस्थित केला जात नाही. बातमीचा विचार झालाच तर तो तिच्या खरेखोटेपणाच्या अंगाने होतो. तिच्या रूपाच्या अंगाने होत नाही. वस्तुतः बातमी हे एक कथन आहे. तिला निवेदक असतो, पात्रे असतात, घटनांची निवड आणि त्यांचा क्रम असतो. कोणत्या पात्राला क्रियेचा कर्ता करायचे आणि कोणाला कर्म करायचे, याचाही निर्णय तिच्यात झालेला असतो. हा निर्णय बातमीदार बहुधा जाणीवपूर्वक घेत नाही. त्याच्या हाती आलेल्या कथनरूपातच तो आधी घेतला गेलेला असतो. संगणकाच्या जाळ्यावर वावरणाऱ्या स्त्रीविषयी गेल्या चाळीस वर्षांत जे वृत्तलेखन झाले त्याचेही असे एक ठरीव कथनरूप आहे, आणि ते या जाळ्यापेक्षा कितीतरी जुने आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

'ऑनलाइन ओळखीतून तरुणीची फसवणूक', 'बनावट खाते उघडून विवाहितेला त्रास' या धर्तीचे मथळे मराठी वाचकाच्या परिचयाचे आहेत. त्यांचे व्याकरण पाहण्याजोगे आहे. स्त्री येथे षष्ठीत तरी असते किंवा 'ला' प्रत्यय लावून येते. प्रथमेत ती आलीच तर तिच्या वाट्याचे क्रियापद 'फसली', 'अडकली', 'बळी पडली' असे असते. म्हणजे कर्त्याच्या जागी असूनही क्रिया तिची नसते. 'लिहिले', 'प्रतिवाद केला', 'नियम सुचवला' ही क्रियापदे मथळ्यात तिच्या वाट्याला क्वचित येतात, मग प्रत्यक्षात तिने ती कृत्ये केलेली का असेनात. फसवणूक होते, छळ होतो, आणि त्याची बातमी व्हायलाच हवी, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो एवढ्या एकाच कथेतून ही स्त्री आपल्यापर्यंत का पोचते, हा.

या कथेची जडणघडण पाहण्यासाठी अमेरिकेत जावे लागते. कारण संगणकजाळ्यावरील समूहजीवन आणि त्याविषयीचे वृत्तलेखन ही दोन्ही तेथे प्रथम आकाराला आली, साधारणतः १९८५ ते १९९५ या दशकात. आपल्याकडे विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा सुरू केली तेव्हा या कथेचा साचा तयार झालेला होता. जाताजाता एका मराठी शब्दाची तक्रारही नोंदवली पाहिजे. या जगाला आपण 'आभासी' हे विशेषण लावून बसलो आहोत. आभास म्हणजे नसलेल्या गोष्टीचा भास. म्हणजे तेथे स्त्रीने केलेले काम हा आभास, आणि तिला झालेली इजाही आभासच. एका विशेषणात दोन्ही बाजूंनी तिची वासलात लागते. प्रस्तुत लेखात म्हणून मी 'ऑनलाइन' हाच रुळलेला शब्द वापरतो आहे.

'मिस' या स्त्रीवादी नियतकालिकाच्या ऑक्टोबर १९८५ च्या अंकात लिंडसी व्हॅन गेल्डर यांचा एका विलक्षण प्रकरणावरील लेख प्रसिद्ध झाला. काँप्युसर्व्ह या सेवेच्या संभाषणकक्षात जोन नावाची एक मानसशास्त्रज्ञ लोकप्रिय झाली होती. अपघाताने तिची वाचा आणि चालण्याची शक्ती हिरावून घेतली आहे, असे ती सांगे. अनेक स्त्रियांना, विशेषतः अपंग स्त्रियांना, तिच्या मैत्रीतून धीर मिळाला होता. प्रत्यक्षात जोन नावाची कोणी बाई नव्हती. न्यूयॉर्कमधील एक पुरुष मानसोपचारतज्ज्ञ तिचे सोंग वठवत होता. व्हॅन गेल्डर यांचा मूळ लेख फसवल्या गेलेल्या स्त्रियांचे म्हणणे आस्थेने मांडतो. परंतु पुढे ही कथा पुनःपुन्हा सांगितली गेली ती सोंग घेणाऱ्या पुरुषाची कथा म्हणून. ज्यांच्या रोजच्या बोलण्याने तो कक्ष नांदता होता आणि ज्यांच्यामुळे जोनला जोन होता आले, त्या स्त्रिया पार्श्वभूमीला गेल्या. ऑनलाइन जगातील अगदी सुरुवातीच्या काळात गाजलेली स्त्री पुरुष निघावी, यातील विनोद कडवट आहे.

यानंतरच्या काळात या जगासाठी एक रूपक रूढ झाले. 'इलेक्ट्रॉनिक फ्राँटियर फाउंडेशन' ही संस्था १९९० मध्ये स्थापन झाली आणि हॉवर्ड ऱ्हाइनगोल्ड यांनी १९९३ मधील आपल्या पुस्तकाच्या उपशीर्षकात याच सरहद्दीवर वसाहत करण्याची भाषा वापरली. सरहद्द म्हणजे अमेरिकी पश्चिमेची सरहद्द : कायदा न पोचलेला मोकळा मुलूख, आणि तेथे स्वतःच्या हिमतीवर जगणारा पुरुष. हे रूपक निवडताना ते मोकळेपणासाठी निवडले गेले असेल. परंतु रूपक एकटे येत नाही. ते आपल्याबरोबर आपली पात्रे आणि आपले कथानक घेऊन येते. लॉरा मिलर यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'विमेन अँड चिल्ड्रन फर्स्ट' या निबंधात नेमके यावर बोट ठेवले. पश्चिमेच्या कथेत स्त्री आणि मूल ही पात्रे सरहद्दीवर येतात ती दुबळी म्हणून; त्यांना धोका निर्माण होतो, आणि त्यांच्या रक्षणासाठी कायद्याचा अधिकारी अवतरतो. स्त्रियांना ऑनलाइन कसा त्रास होतो हे सांगणारे नियतकालिकांतील लेख नकळत हीच कथा पुन्हा सांगतात आणि त्यातून बाहेरच्या नियमनाला वाट करून देतात, असा मिलर यांचा आक्षेप होता. त्या स्वतः अशा समूहांत वर्षानुवर्षे वावरलेल्या होत्या, वादविवादात तरबेज होत्या, आणि मुखपृष्ठकथांतून दिसणाऱ्या बावरलेल्या स्त्रीत त्यांना स्वतःचा चेहरा ओळखता येत नव्हता.

मिलर यांचा रोख हॉलिवूडच्या वेस्टर्न चित्रपटांवर आहे. मला त्यामागचा आणखी जुना वाङ्मयप्रकार महत्त्वाचा वाटतो. इंग्रज वसाहतीतील मेरी रोलँडसन या स्त्रीला १६७६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील लँकेस्टर येथून मूळ रहिवाशांनी पकडून नेले. अकरा आठवड्यांनी वीस पौंडांची खंडणी भरून तिची सुटका झाली. तिने लिहिलेली हकिकत १६८२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि अमेरिकी साहित्यातील बंदिवासकथांची परंपरा तिच्यापासून सुरू झाली असे मानले जाते. ही हकिकत आज वाचताना लक्ष वेधून घेते ती तीतील देवघेव. रोलँडसन बंदिवासात शिवणकाम करते, मोजे विणते, त्यांच्या बदल्यात अन्न मिळवते. सदरा शिवून देते आणि एक शिलिंग घेते. शत्रूच्या तळावर ती एक छोटा बाजार चालवते म्हटले तरी चालेल. परंपरेने तिच्यापासून उचलले ते अपहरण आणि ईश्वरी सुटका. शिवणकाम मात्र गळाले. बाईने स्वतः सांगितलेल्या कथेत जे कर्तेपण होते ते पुनर्कथनात नाहीसे होणे, हा प्रकार यापुढे आपल्याला वारंवार भेटणार आहे.

आपल्या परंपरेतही याला समांतर उदाहरण आहे. सीतेच्या कुटीभोवती लक्ष्मणाने ओढलेली रेषा वाल्मीकींच्या रामायणात नाही. ती नंतरच्या कथनकारांनी आखली. अपहरणाची कथा जसजशी पुन्हा सांगितली जाते तसतशी तीत रेषा येते, आणि रेषा आली की ती कोणी ओलांडली हा प्रश्न येतो.

आता ज्या लेखाशिवाय या विषयाची चर्चा पुढे जाऊ शकत नाही त्याकडे वळू. ज्युलियन डिबेल यांचा 'अ रेप इन सायबरस्पेस' हा लेख डिसेंबर १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये प्रसिद्ध झाला. लॅम्डामू हे कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रात पॅव्हेल कर्टिस यांनी उभे केलेले, केवळ शब्दांनी रचलेले एक घर होते. तेथे येणारा प्रत्येक जण एक पात्र घेई, आणि त्या पात्राने काय म्हटले, काय केले, हे टंकलिखित वाक्यांतून इतरांना दिसे. मार्च १९९३ मधील एका रात्री मिस्टर बंगल नावाच्या पात्राने तेथील दिवाणखान्यात एक आज्ञावली वापरली. तिच्या योगे त्याला इतरांच्या पात्रांना चिकटणारी वाक्ये लिहिता येत होती. त्याने लेगबा आणि इतर काही पात्रांच्या नावे अत्यंत हिंस्र लैंगिक वाक्ये लिहिली आणि ती उपस्थितांच्या पडद्यांवर उमटली. लेगबा या पात्रामागे सिएटल येथील एक स्त्री होती. पात्र मात्र हैतीच्या लोकधर्मातील एका खट्याळ दैवताचे, स्त्री की पुरुष हे न ठरवलेले होते.

या घटनेचे वाङ्मयीन स्वरूप नीट पाहिले पाहिजे. बंगलने लिहिलेल्या वाक्यांत लेगबा हे पात्र कर्ता होते. व्याकरणदृष्ट्या क्रिया त्याची होती. मथळ्यांच्या विभक्तीवरून मी वर जे म्हटले त्याला येथे एक दुरुस्ती जोडावी लागते : कर्त्याची जागा मिळाल्याने कर्तेपण मिळत नाही, ते वाक्य कोण लिहितो यावर सारे अवलंबून असते. बंगलने दुसऱ्याचे निवेदन हिसकावून घेतले होते. शब्दांखेरीज ज्या जगात दुसरे काही नाही तेथे याहून मोठा अत्याचार संभवत नाही. 'हे नुसते शब्द होते' असे जे म्हणतात त्यांनी साहित्याच्या अभ्यासकांना तरी हे सांगू नये.

दुसऱ्या दिवशी लेगबाने तेथील सार्वजनिक चर्चेच्या जागी एक पत्र लिहिले. त्या पत्रात संताप होता आणि थट्टा होती. त्यानंतर तिने एक स्पष्ट मागणी केली : बंगलचे पात्र कायमचे पुसून टाकावे. अशी शिक्षा देण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न त्या मागणीने उभा राहिला, कारण तेथील तंत्रज्ञ-प्रशासकांनी सामाजिक तंट्यांतून आधीच अंग काढून घेतले होते. पुढच्या दोन-तीन दिवसांत कायदा, शिक्षा, देह आणि शब्द यांविषयी जी चर्चा झाली ती एखाद्या राज्यशास्त्राच्या वर्गाला लाजवील अशी होती. सुमारे तीस जणांची सभा भरली. निर्णय झाला नाही. नंतर एका प्रशासकाने स्वतःच्या जबाबदारीवर बंगलचे पात्र नष्ट केले. कर्टिस परतल्यावर त्यांनी अर्ज आणि मतदान यांची पद्धत लागू केली. म्हणजे लॅम्डामूला जी राज्यघटना मिळाली तिचा उगम या पत्रात होता.

डिबेल यांनी हे पत्र आपल्या लेखात दिले आहे, त्यातील तर्काला जागा दिली आहे, हे त्यांचे श्रेय. तो लेख मी आजही उत्कृष्ट समजतो. तथापि त्याच्या लांबलचक उपशीर्षकात एक दुष्ट विदूषक, एक हैतीचे दैवत, दोन मांत्रिक आणि कित्येक इतर यांनी मिळून एका माहितीसाठ्याचा समाज बनवला असे म्हटले आहे. सिएटलची बाई तेथे दैवत होऊन, म्हणजे वेष पालटून आली आहे. लेखात असेही नमूद आहे की, हे पत्र लिहिताना आपल्या डोळ्यांतून अश्रू वाहत होते असे तिने नंतर डिबेल यांना सांगितले. या लेखाचे जे असंख्य उल्लेख पुढे झाले त्यांत हे अश्रू ठळकपणे टिकून राहिले. मागणीचा तर्क, पत्रातील थट्टा, त्यातून जन्मलेली घटना हे सारे त्या प्रमाणात टिकले नाही. 'एका स्त्रीवर संगणकावर बलात्कार झाला' एवढी ती कथा उरली. पात्र स्त्रीचे नव्हते, हेही विसरले गेले. कारण अपहृता स्त्रीच असावी लागते.

वाचकाला येथे सभापर्व आठवल्याखेरीज राहणार नाही. भर सभेत द्रौपदी एक कायदेशीर प्रश्न विचारते : स्वतःला आधी हरलेल्या युधिष्ठिराला मला पणाला लावण्याचा अधिकार उरला होता का? भीष्मांना त्याचे उत्तर देता येत नाही. पुढे धृतराष्ट्राकडून वर मागून ती पतींना सोडवते आणि तिसरा वर नाकारते. लोकस्मृतीत मात्र राहिली ती संपत नसलेली साडी. ही केवळ लोकस्मृतीची गोष्ट असती तर समजण्यासारखे होते. इरावती कर्वे यांच्याइतकी स्वतंत्र प्रज्ञेची लेखिकाही 'युगान्त'मध्ये (१९६७) हा प्रश्न विचारणे ही द्रौपदीची चूक मानते. अशा भीषण प्रसंगी तिने पंडितेसारखा वाद घालण्यापेक्षा क्षात्रधर्माची आण घालून दया मागायला हवी होती, असा त्यांचा अभिप्राय आहे. कर्व्यांविषयी पूर्ण आदर राखून असे म्हणावेसे वाटते की, येथे त्यांनी कथनरूपाची मागणी पात्रावर लादली आहे. आपत्तीत सापडलेल्या स्त्रीने रडावे. तिने तर्क केला की श्रोत्याचा रसभंग होतो. लेगबाच्या पत्राचे जे झाले त्याचे मूळ या रसभंगाच्या भीतीत आहे.

साचा एवढ्यावर थांबता तर तो सौंदर्यशास्त्राचा प्रश्न राहिला असता. त्याचे परिणाम कायद्यापर्यंत पोचतात. 'टाइम' साप्ताहिकाच्या ३ जुलै १९९५ च्या मुखपृष्ठावर पडद्याच्या उजेडात डोळे विस्फारलेल्या एका मुलाचा चेहरा होता आणि आतील कथा ऑनलाइन अश्लीलतेवर होती. तिचा आधार असलेला, कार्नेगी मेलन विद्यापीठातील एका विद्यार्थ्याने केलेला अभ्यास काही दिवसांतच संशयास्पद ठरला. त्याची चिकित्सा करण्यात व्हँडरबिल्ट विद्यापीठातील डोना हॉफमन आघाडीवर होत्या. एक विदुषी युक्तिवाद करत होती आणि मुखपृष्ठावर मात्र भेदरलेले लेकरू होते, हा विरोधाभास नोंदवून पुढे जाऊ. फेब्रुवारी १९९६ मध्ये अमेरिकेत शिष्टाचाराच्या नावाने इंटरनेटवरील मजकुरावर बंधने घालणारा कायदा संमत झाला. त्याला आव्हान देणाऱ्यांत स्त्रियांच्या प्रजननआरोग्याचे काम करणारी 'प्लॅन्ड पेरेंटहुड' ही संस्थाही होती, कारण त्या कायद्याच्या मोघम शब्दांत गर्भनिरोधनाची माहितीसुद्धा सापडण्याची भीती होती. सर्वोच्च न्यायालयाने जून १९९७ मध्ये त्यातील मुख्य तरतुदी रद्द केल्या. याच सुमारास, १९९५ च्या अखेरीस, अमेरिका ऑनलाइन या कंपनीने सभासदांच्या परिचयपत्रांत 'स्तन' या अर्थाचा इंग्रजी शब्द वापरण्यास बंदी केली. स्तनाच्या कर्करोगातून वाचलेल्या स्त्रियांना आपण कोण आहोत हे एकमेकींना सांगता येईनासे झाले. त्यांनी आवाज उठवल्यावर बंदी मागे घेतली गेली. रक्षणासाठी ओढलेली रेषा प्रथम कोणाच्या पायात आली ते यावरून दिसते.

त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये स्टेसी हॉर्न यांनी 'एको' हा समूह चालवला होता. त्यात स्त्रियांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांपर्यंत गेले होते आणि केवळ स्त्रियांसाठी राखीव चर्चाकक्षही होता. अनिता बोर्ग यांनी तर १९८७ मध्येच संगणकक्षेत्रातील स्त्रियांचा 'सिस्टर्स' हा संपर्कगट सुरू केला होता. यांच्याविषयी लिहिले गेले नाही असे नाही. परंतु त्या लेखनाने कथनरूप धारण केले नाही. जेथे कोणी कोणाला पळवत नाही तेथे गोष्ट सुरूच होत नाही, अशी वृत्तलेखनाची समजूत आहे.

मिलर यांच्या मांडणीला येथे एक मर्यादा घातली पाहिजे. जेथे देह नाही, केवळ शब्द आहेत, तेथे स्त्रीला दुबळी मानण्याचे कारण काय, असा त्यांचा बिनतोड वाटणारा सवाल होता. १९९५ मध्ये तो बिनतोड होताही. त्यानंतर मात्र शब्द आणि देह यांच्यातील अंतर झपाट्याने कमी झाले. घराचा पत्ता, फोन क्रमांक, छायाचित्र हे सारे शब्दांबरोबर फिरू लागले. हे ध्यानात न घेता 'स्त्रीला दुबळी दाखवू नका' असे म्हणत राहणे म्हणजे छळ सोसणारीला छळाविषयी गप्प बसायला सांगणे होईल. स्त्रीवादी समीक्षेत हा धोका अधूनमधून डोकावतो, आणि मिलर यांच्या निबंधातही तो आहे.

२०१४ मधील एक प्रकरण या पेचाचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. अनिता सार्किसियन या समीक्षिकेने व्हिडिओ गेममधील स्त्रीप्रतिमांवर एक चित्रफीतमाला केली. २०१२ मध्ये तिच्यासाठी लोकवर्गणीतून ६००० डॉलर मागितले असता दीड लाखाहून अधिक जमले, यावरून या समीक्षेची भूक किती होती ते कळते. मालेचा आरंभ, मार्च २०१३ मध्ये, 'संकटातील सुंदरी' या कथाबंधाच्या विवेचनाने झाला. गेममधील राजकन्या पळवली जाते आणि नायकाला काम मिळते. तिचे दुःख ही त्याची प्रेरणा, तिचे पात्र ही त्याच्या हाती येणारी वस्तू, असे सार्किसियन यांनी एकामागून एक गेमचे दाखले देत मांडले. ही पद्धत आपल्या अभ्यासकांना अपरिचित नाही. कादंबऱ्यांतील स्त्रीपात्रांविषयी मराठीतही असे काम झाले आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये 'गेमरगेट' या नावाने जो विखारी जमाव संघटित झाला त्याने त्यांना ठार मारण्याच्या धमक्या दिल्या. त्यांना घर सोडावे लागले. ऑक्टोबरमध्ये युटा राज्य विद्यापीठातील त्यांच्या व्याख्यानाच्या वेळी हत्याकांड करण्याची धमकी आली. सभागृहात परवानाधारकाला शस्त्र आणण्यास तेथील कायद्यामुळे मनाई करता येत नाही हे कळल्यावर त्यांनी व्याख्यान रद्द केले. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ही बातमी पहिल्या पानावर घेतली. घ्यायलाच हवी होती.

तरीही त्या दिवसांतील वृत्तलेखन एकत्र वाचले तर सार्किसियन यांची ओळख धमक्यांनीच सुरू होते आणि धमक्यांनीच संपते, असे आढळते. त्यांनी काय मांडले हे बहुधा एखाद्या गौण वाक्यात येते, आणि ते पटण्याजोगे आहे की नाही याचा विचार तर जवळजवळ नसतो. तो विचार व्हायला हवा होता. सार्किसियन यांची काही विवेचने मला सरधोपट वाटतात : गेममधील कृती खेळणाऱ्याच्या हातात असते, त्यामुळे चित्रपटाच्या समीक्षेची साधने तेथे जशीच्या तशी चालत नाहीत. हा वाद घालण्यासारखा आहे, परंतु तो घालण्यासाठी त्यांना प्रथम समीक्षक मानावे लागते. वृत्तलेखनाने त्यांना संकटातील सुंदरी केले, म्हणजे ज्या कथाबंधाची त्या चिरफाड करत होत्या त्यातच नेऊन बसवले. धमकी देणाऱ्यांना त्यांचे विचार पुसायचे होते. सहानुभूतीने लिहिणाऱ्यांकडून, अगदी वेगळ्या हेतूने, तेच घडले. हे साम्य ताणू नये, दोहोंतील नैतिक अंतर फार मोठे आहे. परंतु वाचकापर्यंत जे पोचले नाही ते दोन्हीकडे एकच होते.

हे सारे परदेशात घडले म्हणून सोडून द्यावे असे नाही. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशीच्या बंदविषयी पालघर येथील एका एकवीस वर्षांच्या तरुणीने फेसबुकवर काही ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने त्या पसंत असल्याची खूण केली. दोघींना अटक झाली, लिहिणारीच्या काकांच्या रुग्णालयाची तोडफोड झाली. अटकेत जे कलम लावले गेले त्यांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम होते. 'अत्यंत आक्षेपार्ह' मजकूर पाठवणे त्याने गुन्हा ठरवले होते. ही शब्दयोजना ब्रिटनच्या १९३५ मधील टपाल कायद्यापासून, टेलिफोनवरील वात्रटपणा रोखण्याच्या तरतुदीतून, वंशपरंपरेने चालत आलेली. पुढे देशभर टीका झाली, दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, आणि श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने दाखल केलेल्या याचिकेवर २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवले.

यात माध्यमे अटकेच्या विरोधात उभी राहिली, हे मान्य. पण ती कोणत्या कथेच्या आधारे उभी राहिली? त्या दोघी 'मुली' होत्या, निरागस होत्या, त्यांनी 'साधी' पोस्ट लिहिली होती, त्या घाबरल्या होत्या. कापडाने चेहरे झाकलेल्या त्यांच्या छायाचित्राने ही कथा पुरी केली. वास्तविक त्या ओळी साध्या नव्हत्या. आदर सक्तीने मिळवता येत नाही, शहर बंद राहते ते आदराने की भीतीने, आणि भगतसिंगांसारख्यांची आठवण आपण किती ठेवतो, असे त्यांत विचारले होते. ते एक राजकीय विधान होते. नेमक्या वेळी, नेमक्या ठिकाणी, जोखमीसह केलेले. ते पटो वा न पटो, प्रतिवादाला पात्र होते. निरागसतेचा बचाव उभा करताना विधानाचे विधानपणच काढून घेतले गेले. अटक चुकीची होती ती मुली अजाण होत्या म्हणून, की प्रौढ नागरिकाला असे विधान करण्याचा अधिकार आहे म्हणून? पहिले उत्तर कथेला सोयीचे आहे. न्यायालयाने २०१५ मध्ये दिलेले उत्तर दुसऱ्याच्या जवळचे आहे. ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' (१८८२) हे पुस्तकही एका विधवेच्या खटल्यावरून वृत्तपत्रांनी स्त्रीजातीविषयी जे लिहिले त्याला उत्तर म्हणून आले होते, आणि त्यांनी तेथे कोणाच्याही निरागसतेचा आधार घेतला नव्हता.

जुलै २०२१ मध्ये आणि पुन्हा १ जानेवारी २०२२ रोजी, मुखर असलेल्या मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे एका संकेतस्थळावर टाकून त्यांना विक्रीस काढल्याचे नाटक केले गेले. विक्री कसलीच नव्हती. तो अपमानाचा प्रयोग होता. मथळ्यांत मात्र, अवतरणचिन्हांसह किंवा त्यांविना, 'लिलाव' हाच शब्द आला, म्हणजे प्रयोगकर्त्यांनी रचलेले कथानक बातमीने उचलले. ज्यांची छायाचित्रे होती त्यांत पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या. त्यांपैकी काहींनी स्वतःच्या नावाने लेख लिहिले, दिल्ली आणि मुंबई येथे तक्रारी नोंदवल्या, आणि मुंबईच्या सायबर पोलिसांनी जानेवारी २०२२ मध्ये अटका केल्या. आपल्या कायद्याच्या मराठीत अशा स्त्रीसाठी 'फिर्यादी' असा शब्द आहे. तिचा जबाब प्रथमपुरुषी असतो : मी अमुक, राहणार अमुक, लिहून देते की. ठाणे अंमलदाराने टाकलेल्या या ठरावीक वाक्यातही 'मी' असतो आणि 'देते' हे क्रियापद तिचे असते. तेथून बातमीत जाताना आधी 'मी' गळतो, मग 'लिहून देते' गळते. बलात्काराच्या गुन्ह्यात नाव जाहीर करायला कायद्याने बंदी आहे, तेथे 'पीडिता' म्हणण्याला सबळ कारण आहे. जिने आपल्या नावानिशी लेख लिहून छापला तिच्या बाबतीत ते कारण उरत नाही, आणि तरी तिच्यासाठी शब्द वापरला जातो तो 'पीडिता' हाच.